‘झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासावरील लेख मागितला होता. मी देत आहे तो लेख संगणकांच्या आपसांतील एका कराराविषयी आहे. इतिहासाच्या शिक्षिकेने या वाटेला का जावे, हे आधी सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी आपल्या विद्यालयाची जुनी जनरल रजिस्टरे स्कॅन करून जतन करण्याचे काम आम्ही हाती घेतले. या रजिस्टरांचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही. नातवाच्या जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळाप्रवेशाचा उतारा मागायला आलेली माणसे मी अनेक वर्षे पाहत आले आहे. कागद मात्र पिवळा पडून कडांनी झडू लागला होता. एका संध्याकाळी अकरा पाने स्कॅन झाली. पडद्यावर ‘सेव्ह’ झाल्याचा संदेश आला आणि थोड्याच वेळात वीज गेली. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर शेवटच्या चार पानांच्या फायली उघडेनात. मूळ रजिस्टर शाबूत होते म्हणून निभावले.

आपल्याच वसतिगृहात राहून शिकलेला आणि आता संगणकीय साठवणुकीच्या क्षेत्रात काम करणारा एक माजी विद्यार्थी पुढे भेटायला आला, तेव्हा मी हा प्रकार त्याच्या कानावर घातला. त्याने एकच प्रश्न विचारला, “बाई, ‘झाले’ असे नेमके कोण म्हणाले होते? आणि काय झाले म्हणाले होते?” या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जगभरच्या अभियंत्यांनी शेकडो पानांचे नियम लिहिले आहेत, हे मला त्या दिवशी कळले. त्याच्याकडून समजून घेतलेले वाचकांपुढे ठेवते.

दोन यंत्रांमधील करार

संगणक आणि त्याची माहिती साठवणारी डिस्क यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, याचे एक जुने प्रमाण आहे. त्याला ‘स्कझी’ म्हणतात. १९८६ साली त्याला अमेरिकेत राष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. त्या काळी संगणक आणि डिस्क यांच्यामध्ये काही मीटरची केबल असे. पुढे एका इमारतीतील संगणकाने दुसऱ्या इमारतीतील, किंबहुना दुसऱ्या शहरातील डिस्क जणू आपल्याच पोटात असल्यासारखी वापरावी, अशी गरज निर्माण झाली. तेव्हा स्कझीच्या आज्ञा इंटरनेटच्या पाकिटात घालून पाठवण्याची पद्धत ठरली. तिचे नाव ‘आयस्कझी’. तिची मूळ संहिता एप्रिल २००४ मध्ये ‘आरएफसी ३७२०’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली.

‘आरएफसी’ याचा अर्थ ‘अभिप्रायासाठी विनंती’. या मालिकेतील पहिला दस्तऐवज ७ एप्रिल १९६९ चा असून तो स्टीव्ह क्रॉकर या तरुण संशोधकाने लिहिला होता. ज्या कागदांवर आजचे इंटरनेट चालते, त्यांचे नाव हुकूम किंवा फर्मान असे नसून विनंती असे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने याची नोंद घ्यावी.

आयस्कझीच्या व्यवहारात दोन पक्ष असतात. आज्ञा देणाऱ्या संगणकाला ‘इनिशिएटर’ म्हणतात; आपण त्याला मागणीदार म्हणू. आज्ञा पाळणाऱ्या साठवण-यंत्राला ‘टार्गेट’ म्हणतात. मागणीदार सांगतो, “ही माहिती लिहून ठेव,” किंवा “अमुक जागेची माहिती वाचून दे.” साठवण-यंत्र काम करते आणि अहवाल पाठवते. सारा विश्वास या अहवालावर उभा असतो, कारण मागणीदाराला डिस्क दिसत नाही. त्याला केवळ तिचा शब्द मिळतो.

पोच वेगळी, मंजुरी वेगळी

सरकारी कार्यालयात अर्ज दिला की त्यावर आवक-शिक्का बसतो. तो शिक्का पाहून ‘काम झाले’ समजून घरी परतलेली माणसे आपण पाहिली आहेत. कधी काळी आपणही तसे परतलो असू. अर्ज पोहोचणे, अर्जावर निर्णय होणे आणि निर्णय आपल्या बाजूने होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयस्कझीचा अहवाल हा भेद काटेकोरपणे पाळतो. त्यात दोन स्वतंत्र रकाने असतात. पहिला ‘रिस्पॉन्स’चा. आज्ञा साठवण-यंत्राकडे शेवटपर्यंत हाताळली गेली की यंत्रच मध्ये कोलमडले, एवढेच तो सांगतो. दुसरा रकाना ‘स्टेटस’चा, म्हणजे स्थितीचा. हाताळणीचा निकाल काय लागला ते तो सांगतो. ‘गुड’ म्हणजे काम ठीक झाले. ‘बिझी’ म्हणजे यंत्र आत्ता कामात आहे. ‘टास्क सेट फुल’ म्हणजे प्रलंबित कामांची रांग भरली आहे. ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणी आपल्यासाठी राखून ठेवली आहे. ‘चेक कंडिशन’ म्हणजे काही तरी सांगण्यासारखे घडले आहे, कारण वाचावे.

येथे दोन नियम लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा की, पहिल्या रकान्यात ‘आज्ञा पूर्ण हाताळली’ असे असेल तरच दुसरा रकाना वाचायचा. यंत्रच कोलमडले असेल, तर स्थितीच्या रकान्यातील आकड्याला काही अर्थ नाही. याची दुसरी बाजू अशी की, ‘आज्ञा पूर्ण झाली’ हे शब्द यशाची ग्वाही देत नाहीत. आज्ञा पूर्ण हाताळली गेली आणि निकाल नापासाचा लागला, असेही घडू शकते.

दुसरा नियम ‘चेक कंडिशन’चा. ही स्थिती कळवताना तिच्यासोबत कारणाचा तपशील त्याच अहवालात जोडलाच पाहिजे. डिस्कचा पृष्ठभाग खराब झाला आहे, मागणीच चुकीची होती, की त्या जागेवर लिहिण्यास मनाई आहे, हे मागणीदाराला पुन्हा विचारायला लावायचे नाही. ‘अर्ज नामंजूर’ एवढाच शेरा मारून कारण न देणाऱ्या टेबलांपुढे उभे राहिलेल्या माणसाला या नियमाची थोरवी चटकन उमजेल.

एक सवलतही आहे. वाचून दिलेल्या माहितीच्या शेवटच्या पाकिटातच ‘काम ठीक झाले’ हा अहवाल जोडून पाठवता येतो. त्याने एक फेरी वाचते. ही सवलत बिनतक्रार निकालापुरतीच आहे. अडचण उद्भवली असेल, तर अहवाल स्वतंत्र पाकिटातूनच गेला पाहिजे.

किती झाले, तेही सांगावे

‘झाले’ या शब्दानंतर ‘किती’ हा प्रश्न येतो. मूळ संहितेचे स्पष्टीकरण लिहावे लागले, त्याच्या ठळक कारणांपैकी एक येथे आहे.

मागणीदार आज्ञा पाठवताना दोन गोष्टी सांगतो. आज्ञेच्या आत नेमकी मागणी असते. आज्ञेच्या पाकिटावर, किती माहितीची देवाणघेवाण अपेक्षित आहे तो आकडा असतो. या दोन्ही गोष्टी जुळतीलच असे नाही. समजा, आज्ञेत प्रत्येकी ५१२ बाइटचे १० ठोकळे मागितले आहेत; म्हणजे ५,१२० बाइट. पाकिटावरील अपेक्षा मात्र ४,०९६ बाइटची आहे. अशा वेळी साठवण-यंत्राने ४,०९६ बाइटच पाठवायचे आणि अहवालात ‘ओव्हरफ्लो’ची खूण करून १,०२४ बाइट मागे राहिल्याचे सांगायचे. याच्या उलटही घडते. मागणीदाराने यंत्राची ओळख विचारली आणि २५५ बाइटची जागा राखली. यंत्राकडे सांगण्यासारखे ३६ बाइटच होते. मग ‘अंडरफ्लो’ची खूण आणि २१९ हा आकडा. दोन्ही खुणा एकाच वेळी करणे हा नियमभंग आहे, कारण एकच गोष्ट एकाच वेळी जास्त आणि कमी असू शकत नाही.

ओळख विचारण्याच्या या उदाहरणात स्थितीच्या रकान्यात ‘गुड’ असते. काम ठीक झाले, पण अपेक्षेपेक्षा कमी माहिती आली, ही दोन्ही विधाने एकाच अहवालात खरी असतात. ज्याने केवळ ‘गुड’ वाचले आणि पुढचा आकडा वाचला नाही, तो उरलेल्या २१९ बाइटच्या जागेतील जुना कचराही उत्तर म्हणून वाचेल.

अडचण कोठे होती? मूळ संहितेत हा उरलेला आकडा ‘प्रत्यक्ष हस्तांतरित न झालेले बाइट’ अशा शब्दांत सांगितला होता. पण हस्तांतर कोणाच्या दृष्टीने मोजायचे? आणि माहितीचा एखादा तुकडा दोनदा पाठवला गेला, तर तो दोनदा धरायचा की एकदाच? दोन प्रामाणिक कारागीर एकच वाक्य वाचून दोन वेगळे हिशेब करू शकत होते. ऑक्टोबर २००७ मध्ये ‘आरएफसी ५०४८’ हा दुरुस्त्या व स्पष्टीकरणांचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याने दोन संज्ञांची नेमकी व्याख्या केली. एक, मागणीदाराची अपेक्षित लांबी. दुसरी, साठवण-यंत्रातील स्कझीच्या थराने देवाणघेवाणीसाठी पुढे ठेवलेल्या माहितीची लांबी. पुनःपुन्हा गेलेला तोच तुकडा तिच्यात एकदाच धरायचा. या दोहोंतील फरक म्हणजे उरलेला आकडा. आता वजाबाकी सर्वांची सारखी येऊ लागली.

मौनाचा अर्थ

अहवाल वाटेत हरवला तर? इंटरनेटची वाहतूक-पद्धत पाकिटे क्रमाने पोहोचवते. तरीही पाकिटातील मजकूर पडताळणीत जुळला नाही, तर ते बाजूला टाकावे लागते. म्हणून प्रत्येक जोडणीवर साठवण-यंत्र आपल्या अहवालांना चढते क्रमांक देते. मागणीदार आपल्या पुढच्या संदेशांत ‘मला आता अमुक क्रमांकाची अपेक्षा आहे’ असे कळवत राहतो. ४१, ४२ आणि ४४ आले, तर ४३ हरवला हे त्याला आपोआप कळते. दोन्ही पक्षांनी तशी तयारी आधी मान्य केली असेल, तर तो ४३ पुन्हा मागतो. नसेल, तर साऱ्या सत्राचीच नव्याने मांडणी करावी लागते. पोच मिळेपर्यंत अहवाल जपून ठेवणे हे साठवण-यंत्राचे कर्तव्य आहे. सांगून मोकळे होता येत नाही. ऐकले गेल्याची खात्री झाल्यावरच ते त्या जबाबदारीतून सुटते.

येथे मला भिक्खू संघाची कार्यपद्धती आठवली. उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कर्मासाठी विनयात ‘ञत्तिचतुत्थकम्म’ सांगितले आहे. एकदा प्रस्ताव मांडायचा, त्यानंतर तीनदा घोषणा करायची आणि संघ मौन राहिला तर संमती समजायची. येथे मौनाला अर्थ आहे, कारण तो आधी ठरवून दिला आहे. आयस्कझीत मौनाला संमती मानलेले नाही. तेही आधीच ठरलेले आहे. दोन्हीकडे अर्थ कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेपुढे बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या प्रस्ताव, गणसंख्या, मतमोजणी यांविषयीच्या नियमांची मुद्दाम आठवण करून दिली होती. नियमांनी बांधलेला व्यवहार आपल्या भूमीला परका नाही, हे त्यांना सांगायचे होते.

आधीचे आधी, नंतरचे नंतर

मागणीदार आणि साठवण-यंत्र यांच्यामध्ये एकाच वेळी अनेक जोडण्या असू शकतात. प्रत्येक जोडणीवरील अहवाल क्रमाने येतात. पण एका जोडणीवरील अहवाल दुसरीवरील अहवालाच्या आधी पोहोचेल की नंतर, याची हमी नसते. रोजच्या कामात त्याने बिघडत नाही. पण समजा, मागणीदाराने ‘सर्व प्रलंबित कामे रद्द कर’ अशी आज्ञा दिली. ‘रद्द केली’ हा अहवाल एका जोडणीवरून आला आणि त्यानंतर दुसरीवरून जुन्याच एका कामाचा ‘पूर्ण झाले’ असा अहवाल आला, तर मागणीदाराने कोणावर विश्वास ठेवावा?

२००७ च्या स्पष्टीकरणाने यासाठी कुंपणाची कल्पना मांडली. काही ठरावीक महत्त्वाचे अहवाल कुंपणासारखे मानायचे. त्यांच्या आधीचे अहवाल पोहोचणार असतील तर आधीच पोहोचावेत आणि नंतरचे नंतरच. कालक्रम बिघडला की प्रत्येक सुटे विधान खरे असूनही एकूण वृत्तांत खोटा ठरतो. इतिहासाचे साधन तपासताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हाच.

‘गुड’ जे सांगत नाही

आता आमच्या चार पानांकडे येते. लिहिण्याच्या आज्ञेला ‘गुड’ हे उत्तर आले, म्हणजे साठवण-यंत्राने ती माहिती स्वीकारली. ती डिस्कवर कायमची उमटली, असा त्याचा अर्थ होईलच असे नाही. वेग वाढवण्यासाठी यंत्रे माहिती आधी तात्पुरत्या स्मृतीत घेतात आणि सवडीने डिस्कवर उतरवतात. मधल्या काळात वीज गेली आणि त्या स्मृतीला बॅटरीचा आधार नसला, तर ती पुसली जाते. यासाठी स्कझीत वेगळी आज्ञा आहे. ‘तात्पुरत्या स्मृतीतील सारे डिस्कवर उतरव आणि मगच सांग,’ असे मागणीदाराला म्हणता येते. लिहिण्याच्या आज्ञेतच ‘थेट डिस्कवर उतरवल्याखेरीज पूर्ण म्हणू नकोस’ अशी खूणही करता येते.

म्हणजे आम्हाला कोणी खोटे सांगितले नव्हते. ‘सेव्ह झाले’ हे वाक्य त्याच्या मर्यादेत खरे होते. ती मर्यादा आम्हाला ठाऊक नव्हती.

स्पष्टीकरण लिहिण्याची लाज कशाला?

या कराराच्या लेखनशैलीविषयी दोन शब्द. मार्च १९९७ च्या ‘आरएफसी २११९’ने अशा दस्तऐवजांतील ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ या इंग्रजी शब्दांचे अर्थ पक्के केले. पहिला म्हणजे केलेच पाहिजे. दुसरा म्हणजे सबळ कारण नसेल तर करावे. तिसरा म्हणजे वाटल्यास करता येईल. संविधानाच्या इंग्रजी संहितेतील ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतील अंतर ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना या काटेकोरपणाचे महत्त्व कळेल. एका शब्दावर हक्क उभा राहतो किंवा कोसळतो.

प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा मजकूर पुन्हा बदलला जात नाही. चूक किंवा संदिग्धता आढळली, तर नवा दस्तऐवज लिहिला जातो. २००७ च्या दस्तऐवजाने स्पष्ट म्हटले की, जेथे दोन्हींत फरक असेल तेथे नवा मजकूर ग्राह्य धरावा. पुढे एप्रिल २०१४ मध्ये ‘आरएफसी ७१४३’ने मूळ संहिता आणि नंतरची स्पष्टीकरणे एकत्र गुंफली. जुने कागद मात्र आजही जसेच्या तसे वाचता येतात. आपल्या विनयपिटकातील सुत्तविभंगाची मांडणी अशीच आहे. आधी घडलेला प्रसंग, मग नियम, अडचण आल्यावर नियमाला जोडलेली अनुपञ्ञत्ती आणि त्यानंतर एकेका पदाचा अर्थ. नियम कोणत्या चुकीतून घडला, ते लपवलेले नाही.

नियमातील एका शब्दाची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द येण्यास १९९० साल उजाडले. ती कायद्यातील दुरुस्ती होती, केवळ स्पष्टीकरण नव्हते, हे मला मान्य आहे. पण तो शब्द नसल्याने चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींच्या दारातून किती मुले परतली असतील, याचा विचार केला की कोरड्या नियमावलीतील एकेका शब्दासाठी वर्षानुवर्षे खल करणाऱ्या त्या अभियंत्यांविषयी मला आदर वाटतो.

आमच्या कार्यालयात आता एक साधी वही ठेवली आहे. प्रत्येक रजिस्टरासाठी तीत तीन रकाने आहेत: ‘स्कॅन केले’, ‘साठवले’ आणि ‘उघडून पडताळले’. प्रत्येक रकान्यात पानांची संख्या, तारीख आणि सही असते. तिसरा रकाना साठवणारी व्यक्ती भरत नाही. दुसऱ्या कोणी तरी दुसऱ्या दिवशी फायली उघडून, मूळ पानाशी ताडून भरायचा असतो. संख्या जुळली नाही, तर किती पाने कमी पडली ते लिहायचे. ‘झाले’ असे लिहायचे नाही.

ती चार पाने आम्ही पुन्हा स्कॅन केली. त्यांतील एका पानावर पालकाच्या सहीच्या जागी अंगठ्याचा निळा ठसा आहे. त्या माणसाला लिहिता येत नव्हते. आपला मुलगा शाळेत दाखल झाला, एवढ्या नोंदीवर विसंबून तो गावी परतला असेल. त्या पानासमोरचा तिसरा रकाना भरून झाला आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपापल्या नोंदी कार्यालयात येऊन स्वतः पाहाव्यात आणि काही उणे आढळल्यास वहीत लिहून जावे, ही विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!